मुलीने चाळीस मिनिटांत फोटो काढून टाकला. फोन काढून घ्यावा का?

कृष्णकमळ | रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मुलगी नुकतीच १३ची झाली. इन्स्टाग्रामवर खातं आहे, आम्हाला विचारूनच काढलंय. परवा तिने स्वतःचा एक फोटो टाकला. केस नवीन कापलेत, खिडकीत बसून काढलेला, खरंच छान आला होता. मग पालथी पडून फोन बघत बसली. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते म्हणून दिसलं. अंगठ्याने पडदा खाली ओढायचा, सोडायचा. परत ओढायचा, सोडायचा. चेहरा कोरा. नळाला पाणी आलंय का ते बघावं तसं. चाळीसेक मिनिटांनी फोटो गायब! विचारलं तर "काही नाही गं, बरा नव्हता." मी आधी बघितलं होतं, ९ लाइक होते.

दुसऱ्या दिवशी सगळे केस मागे घट्ट बांधून बसली. गेले तीन आठवडे झोपायला उशीर, सकाळी चिडचिड, जेवताना गप्प. नवरा म्हणतो फोन काढून घे. सासूबाई म्हणतात, दिलाच कशाला. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. तुमच्या घरी काय केलंत?

रातकिडा | रात्री १०:५८

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

टोकदार_पेन्सिल | रात्री ११:०५

काढून घ्या. विषय संपला.

हे कठोर वाटेल, पण माझ्या दोन्ही मुलांना १६ पूर्ण होईपर्यंत सोशल मीडिया नाही म्हणजे नाही. साधा फोन आहे, बोलता येतं, मेसेज करता येतो. सुरुवातीला महिनाभर घरात युद्ध होतं, मग शांत. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, २०२३ साली जाहीर इशारा दिला की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य-चिंतेची लक्षणं दिसण्याचा धोका दुप्पट असतो. त्याच माणसाने पुढच्या वर्षी या ॲप्सवर सिगारेटसारखा इशारा छापावा अशी मागणी केली. अजून काय पुरावा हवा?

अंकगणित | रात्री ११:१९

पेन्सिलराव, तो 'दुप्पट' आकडा ज्या अभ्यासातून आलाय तो १२ ते १५ वयाच्या ६,५९५ अमेरिकन मुलांचा आहे, २०१९चा. अभ्यास चांगलाच आहे. पण जास्त वापरणारी मुलं जास्त दुःखी आढळली, याचा अर्थ वापरामुळे दुःखी झाली असाच होत नाही. आधीच एकटं पडलेलं मूल फोनमध्ये जास्त शिरतं, हेही तितकंच शक्य आहे. त्यांनी आधीच्या तक्रारी हिशेबात धरायचा प्रयत्न केलाय, तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही.

त्याच वर्षी आणखी एक मोठा अभ्यास आला. तीन मोठ्या सर्वेक्षणांमधली साडेतीन लाखांवर मुलं. किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाशी डिजिटल वापराचा संबंध लागला. तुलनेसाठी त्यांनी चष्मा लावणं, बटाटे खाणं असल्या गोष्टीही तपासल्या आणि आकडे फार लांब नव्हते.

रातकिडा | रात्री ११:२३

म्हणजे आता बटाट्यांवरही इशारा छापायचा?

टोकदार_पेन्सिल | रात्री ११:३१

सरासरी सांगू नका हो. सरासरी खोली गुडघाभर असलेल्या नदीतही माणूस बुडतो. या ताईंची मुलगी सरासरी नाही, एकच आहे.

अंकगणित | रात्री ११:३८

नदीचं मान्य. पण मग त्याच न्यायाने तुमचा तीन तासांचा आकडाही सरासरीचाच आहे.

पडद्यामागे | रात्री ११:५०

मी बारा वर्षं ॲप बनवण्याच्या धंद्यात आहे. सोशल मीडियात नाही, पण हत्यारं तीच. म्हणून थोडं लिहितो.

कृष्णकमळताई, तुमची मुलगी जो पडदा खाली ओढत होती, त्या हालचालीतच सगळं आहे. ओढलं की क्षणभर चक्र फिरतं, मग काहीतरी येतं किंवा येत नाही. दर वेळी आलं असतं तर कंटाळा आला असता, कधीच आलं नसतं तर सोडून दिलं असतं. कधी येईल सांगता येत नाही म्हणून हात थांबत नाही. हे काही आम्ही शोधलेलं नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर हे दाखवून कित्येक दशकं झाली, जुगाराची यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. आम्ही फक्त ते खिशात आणून ठेवलं.

तळ नसलेली यादी, म्हणजे खाली सरकवत राहा, संपतच नाही, ती युक्ती २००६ची. ज्याने केली त्याने नंतर जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ला आलं. त्यापूर्वी कौतुक होतं, पण त्याची मोजणी सगळ्यांसमोर टांगलेली नव्हती.

आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगतो. फोनवर येणाऱ्या एकाच सूचनेचे दोन मजकूर करायचे, अर्ध्या लोकांना हा, अर्ध्यांना तो. ज्याने जास्त लोक परत आले तो ठेवायचा. मुलांना त्रास द्यावा असं कुणाच्या मनात नसतं. पण 'परत आला का' एवढंच मोजलं जातं आणि 'बरं वाटलं का' हे कुणी मोजत नाही, तेव्हा आपोआप काय तयार होणार? दहा हजार वेळा चाळून उरलेली गोष्ट १३ वर्षांच्या पोरीच्या हातात आहे. तिला 'मनावर ताबा ठेव' म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

जुनी_सायकल | रात्री १२:०६

पडद्यामागे, तुमचा प्रतिसाद वाचून खाली सरकलो आणि आणखी प्रतिसाद आलाय का म्हणून पान पुन्हा ताजं केलं. वय ७१.

रातकिडा | रात्री १२:०९

काका, तुमचा फोन कोण काढून घेणार?

जुनी_सायकल | रात्री १२:१४

सूनबाई. गंमत करतोय, पण खरंच नातवाला आणि मला एकच नियम आहे. दहाला दोन्ही फोन बाहेरच्या खोलीत. आत्ता हे संगणकावरून लिहितोय, नियमात पळवाट आहे.

आमच्या पौगंडात हे नव्हतं, असं सांगून कॉलर ताठ करणार नाही. आम्हीही पोस्टमनची वाट बघायचो. एका मित्राने सगळ्यांना पत्रं लिहिली आणि मला नाही लिहिलं, ते अजून आठवतं. फरक इतकाच की पोस्टमन दिवसातून एकदा यायचा. तो गेला की उद्यापर्यंत सुटका.

खिडकीजवळची | रात्री १२:२१

मी १७ वर्षांची आहे. इथे १८ची अट आहे हे माहीत आहे, प्लीज आयडी उडवू नका. आईचं वाचता वाचता इथे आले.

काकू, एक सांगू? लाइक किती आले ते आम्ही एवढं बघत नाही. कुणाचे आले ते बघतो. मुख्य म्हणजे कुणाचं नाही आलं ते. मैत्रीण ऑनलाइन आहे हे दिसतं, बाकीच्यांची स्टोरी तिने बघितली हे दिसतं, आणि माझ्या फोटोवर तिचं नाव नाही. मोठी माणसं आकड्यावर अडकतात.

व्यवस्थापक | रात्री १२:२६

खिडकीजवळची, नियम नियमच आहे. तुमचा आयडी तपासायला मला वेळ लागेल. बहुतेक तुम्ही १८ पूर्ण होईपर्यंत.

टोकदार_पेन्सिल | रात्री १२:३३

बघा, १७व्या वर्षी रात्री साडेबाराला जागी. माझा मुद्दा सिद्ध.

रातकिडा | रात्री १२:३५

आणि तुम्ही पहाटे उठून लिहिताय का? :)

समईची_वात | सकाळी ७:४०

शाळेत समुपदेशक म्हणून चौदा वर्षं काम करतेय. रात्रीचे सगळे प्रतिसाद आत्ता वाचले. (झोपले होते. कुणीतरी झोपायला हवं.)

'फोन काढून घेऊ का' असं विचारणारे पालक दर आठवड्याला येतात. मी त्यांना उलट विचारते की फोनने काय ढकलून दिलंय? झोप, खेळ, प्रत्यक्ष भेटणं, की काहीच नाही? सगळ्यात आधी झोपेचं बघा. १३ ते १८ वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. त्यातही वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, म्हणजे मूल मुद्दाम जागत नसतं. त्यात हातात फोन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. चार रात्री नीट न झोपलेलं मूल आणि उदास मूल, दोघं माझ्या खोलीत अगदी सारखीच दिसतात. म्हणून पहिले दोन आठवडे मी फक्त एवढंच सांगते की रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर, आणि आईबाबांचाही तिथेच. निम्म्या घरांत दुसऱ्या कलमावर गाडी अडते.

अचानक काढून घेणं मला का नको वाटतं, तेही सांगते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याला कुणीतरी घाणेरडे मेसेज करून धमकावत होतं. चार महिने त्याने घरी तोंड उघडलं नाही. का? तर "सांगितलं असतं तर फोन गेला असता." फोन जाण्याची भीती धमकीपेक्षा मोठी होती. हे वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे, मी कितीतरी मुलांकडून ऐकलंय.

आणि खिडकीजवळची, तुझं म्हणणं बरोबर आहे. मी त्याकडे परत येणार आहे.

हेलकावा | सकाळी ९:१५

इथे दुसरी बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा कर्णबधिर आहे, वय १५. त्याच्या वर्गात खुणांची भाषा येणारं कुणी नाही. त्याचे खरे मित्र व्हिडिओ कॉलवर आहेत, तिघं, तीन वेगवेगळ्या गावांतले. संध्याकाळी त्याच्या खोलीतून हसण्याचे आवाज येतात. सोळाव्या वर्षापर्यंत नाही म्हणजे नाही, असं मी म्हटलं असतं तर त्याला मित्रच मिळाले नसते. ज्याचं जळतं त्याला कळतं, पेन्सिलराव.

टोकदार_पेन्सिल | सकाळी ९:४०

हेलकावाताई, तुमच्या मुलाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. व्हिडिओ कॉलला मी सोशल मीडिया म्हणतच नाही. मित्राशी बोलणं वेगळं आणि अनोळखी लोकांचे सपाट पोटाचे फोटो बघत बसणं वेगळं.

ऑस्ट्रेलियाने हाच फरक केलाय. १६ वर्षांखालच्यांना खातं नाही, कायदा नोव्हेंबर २०२४ला मंजूर झाला, १० डिसेंबर २०२५पासून लागू. साधे मेसेज करण्याची ॲप्स त्यातून वगळली आहेत.

अंकगणित | सकाळी १०:०२

त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे दंड मुलाला नाही, पालकांनाही नाही. कंपनीला, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. परिणाम काय झाला ते कळायला मात्र काही वर्षं जावी लागतील. मुलं पळवाटा काढणारच.

अवांतर: सगळीकडे १३ वर्षांची अट दिसते ना, ती कुठल्या मानसशास्त्रज्ञाने ठरवलेली नाही. १९९८च्या अमेरिकन कायद्यातून आलीय, आणि तो कायदा मुलांची माहिती गोळा करण्याबद्दलचा आहे. मुलाचं मन १३व्या वर्षी तयार होतं असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

उलट २०२२च्या एका ब्रिटिश अभ्यासात मुलींसाठी ११ ते १३ आणि मुलांसाठी १४-१५ ही वयं जास्त नाजूक दिसली. त्या वयात वापर वाढला, तर वर्षभराने आयुष्याबद्दलचं समाधान घटलेलं आढळलं. १९च्या आसपास दोघांनाही परत एकदा. म्हणजे आपण नेमकं नाजूक वळणावर दार उघडतो.

पडद्यामागे | सकाळी १०:२०

काय हे, अंकगणित चक्क पेन्सिलरावांच्या बाजूने!

अंकगणित | सकाळी १०:२५

मी कुणाच्याच बाजूने नाही. फेसबुक सुरुवातीला अमेरिकेत एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने सुरू झालं, त्याचा फायदा घेऊन केलेला २०२२चा एक अभ्यास आहे. जिथे ते आधी पोचलं तिथल्या विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य घसरलेलं दिसलं, आणि कारण बहुतेक इतरांशी तुलना. हा पुरावा मला पटतो, कारण कुठल्या कॉलेजात कधी पोचेल हे विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीवर ठरलं नव्हतं. पटतो म्हणून सांगतो, पटत नाही तेव्हा तेही सांगतो.

मोरपीस | सकाळी ११:३०

२०२१ला फेसबुकच्याच आतली कागदपत्रं बाहेर आली होती ना? ज्या मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं. कंपनीला माहीत होतं आणि त्यांनी जगाला सांगितलं नाही, याचा मला जास्त राग आहे.

तिरका | सकाळी ११:४४

आणि उरलेल्या ६८ टक्के म्हणाल्या की फरक नाही किंवा बरं वाटतं. अर्धा पेला...

मोरपीस | सकाळी ११:५०

तिरकासाहेब, वर्गात दर तीन मुलींमागे एकीला रोज कुणी ढकलत असेल तर उरलेल्या दोघी उभ्या आहेत म्हणून आपण समाधान मानतो का?

तिरका | सकाळी ११:५२

नाही. मागे घेतो.

रातकिडा | सकाळी ११:५५

तिरका यांनी मागे घेतलं! या संकेतस्थळाच्या इतिहासात पहिल्यांदा. कुणीतरी वाचनखूण साठवा.

धुकं | दुपारी २:१०

लिहावं की नाही, दोन तास विचार केला.

मी आता २३. पंधराव्या वर्षी मी त्या ३२ टक्क्यांत होते. सुरुवात व्यायामाच्या व्हिडिओंनी झाली, अगदी निरुपद्रवी. दोन-तीन बघितले तर आणखी आले. मग 'दिवसभरात मी काय खाते' असले. मग अजून बारीक मुली. मी काहीच शोधत नव्हते, फक्त एखाद्या व्हिडिओवर जरा जास्त थांबायचे. थांबलं की ते ॲपला कळायचं. घरी कुणाला कळलं नाही, कारण मी 'शहाण्यासारखी' खोलीत अभ्यास करत बसलेली असायचे. माझा स्क्रीन टाइम मैत्रिणींपेक्षा कमी होता! तास मोजून माझं काहीच कळलं नसतं.

पण हेही खरं की बाहेर पडायचा रस्ताही मला तिथेच सापडला. अशाच आजारातून उठलेली एक मुलगी तिचं रोजचं लिहायची. तिने लिहिलं होतं की ती डॉक्टरकडे पहिल्यांदा गेली तेव्हा दारात दहा मिनिटं उभी राहिली. ते वाचून मी आईला सांगितलं. आई रागावेल असं वाटलं होतं. ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला आणि हात न पुसताच माझ्याजवळ बसली.

फीड नव्याने सुरू करायची सोय आता काही ॲप्समध्ये आहे. मुलांना ती दाखवा, सोबत बसून. 'काय बघतेस' असं विचारू नका, ते चौकशीसारखं वाटतं. 'तुला काय काय दाखवतं ते' असं विचारा. फरक आहे.

समईची_वात | दुपारी २:३५

धुकं, लिहिलंस ते फार बरं केलंस. शेवटचं वाक्य मी उद्यापासून पालकांना सांगणार, तुझी परवानगी गृहीत धरून.

ब्रिटनमध्ये १४ वर्षांची एक मुलगी २०१७ला गेली. २०२२मध्ये तिथल्या चौकशी अधिकाऱ्याने नोंदवलं की ऑनलाइन मजकुराचा तिच्या मृत्यूत किरकोळ नाही, त्याहून जास्त वाटा होता. तोही असाच, न मागता समोर येत गेलेला मजकूर होता. म्हणून मी 'किती वेळ'च्या आधी 'काय' विचारते.

आणि हे सगळ्यांसाठी. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, आवडत्या गोष्टी सोडून देत असेल, खाणं-झोप पार बदलली असेल, 'मी नसते तर बरं' असं काही बोललं असेल, तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि थेट विचारा, 'स्वतःला काही करावंसं वाटतं का?' विचारल्याने डोक्यात ती कल्पना शिरते हा गैरसमज आहे. बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं.

कृष्णकमळ | दुपारी ३:२०

वाचतेय सगळं. धुकं, तुला काय म्हणू कळत नाही. समईची वात, तुमची यादी ताडून बघितली. गप्प आहे, पण चित्रं काढणं चालू आहे, जेवते, पोहायला जाते. रात्रीचं मात्र बिघडलंय. आजपासून तिघांचे फोन बाहेर. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय.

लाइकचे आकडे लपवता येतात म्हणे? ते करू का?

पडद्यामागे | दुपारी ३:३८

येतात. इन्स्टाग्रामने २०२१ला ती सोय सगळ्यांना दिली. १८च्या आतल्यांची खाती २०२४पासून आपोआप खासगी होतात, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात. अर्थात खातं काढताना जन्मसाल खरं टाकलं असेल तर.

रातकिडा | दुपारी ३:४१

म्हणजे माझा भाचा, जन्मसाल १९०१, त्याला हे लागू नाही.

खिडकीजवळची | संध्याकाळी ५:०५

शाळेतून आले. आकडे लपवून काही होत नाही हो. नावांची यादी उघडता येते. मी रात्री लिहिलं होतं ते कुणी वाचलं का?

आणि पेन्सिलकाका, रात्री जागी होते ते मान्य. पण माझी मैत्रीण रडत होती, तिच्याशी बोलत होते. तिला सोडून सगळ्यांनी नवा ग्रुप केलाय. जुना ग्रुप तसाच आहे, त्यात कुणी बोलत नाही. ती त्यात रोज गुड मॉर्निंग टाकते. वाचल्याच्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

टोकदार_पेन्सिल | संध्याकाळी ५:३०

हे वाचून गप्प झालो. रात्रीचा शेरा मागे घेतो.

माझ्या मोठ्याला मी साधा फोन दिला तेव्हा तो एकदाच म्हणाला होता, "सगळे कुठे भेटणार ते मला शेवटी कळतं." मी म्हटलं, मग आधी विचारत जा. आता वाटतं, उंटावरून शेळ्या हाकत होतो. निर्णय बदलणार नाही, पण त्या वाक्यावर त्याच्याशी बोलायला हवं होतं.

समईची_वात | संध्याकाळी ६:१०

मी परत येते म्हटलं होतं ते याच्याचसाठी. आपण प्रौढ माणसं लाइक, तास, स्क्रीन टाइम मोजतो. मुलं माझ्यासमोर फोन उघडतात तेव्हा आकड्यावर बोट ठेवत नाहीत, नावावर ठेवतात. एकीने मला एका फोटोखालची यादी वर-खाली करून दाखवली होती. मी विचारलं, काय बघायचं? ती म्हणाली, "जे नाहीये ते." गटातून बाहेर पडणं हे दुखणं जुनंच आहे, जुनी_सायकल यांच्या पत्रासारखं. पण तेव्हा आपल्याला वगळलं हे कानावर यायचं, उशिरा, अर्धवट. आता ते डोळ्यांसमोर, वेळेसकट दिसतं, आणि रात्री एकटं असताना दिसतं.

कृष्णकमळ | रात्री ९:४८

अपडेट देते.

पोहून येताना गाडीत विषय काढला. समोर रस्त्याकडे बघत बोलायचं असलं की ती जरा मोकळी होते. धुकंने सांगितलं तसं विचारलं, तुला हल्ली काय काय दाखवतं गं ते? कुत्र्यांचे व्हिडिओ, चित्रकलेचे, केसांचे, असं सांगत होती. मग मी सरळच म्हटलं, त्या फोटोवर कुणाचं नाव नव्हतं?

दोन सिग्नल गप्प. मग नाव सांगितलं. पहिलीपासूनची मैत्रीण, आमच्या घरी शेकडो वेळा राहिलेली. तीन आठवड्यांपूर्वी काहीतरी फुटकळ बिनसलं, आणि त्या पाच जणींनी नवा ग्रुप केला. अगदी खिडकीजवळचीने लिहिलं तसंच. केस त्यानंतर कापले होते. फोटो तिच्यासाठीच टाकला होता, तिने बघून काहीतरी म्हणावं म्हणून. तिने फोटो बघितला नाही असं नाही. तिने त्याच वेळात दुसरीच्या फोटोवर तीन बदाम टाकले होते.

आणि मी दोन दिवस '९ लाइक, ९ लाइक' करत होते.

फोन काढून घेतला असता तर हे मला कळलंच नसतं, आणि भांडणही मिटलं नसतं. फोन ठेवलाय म्हणून मिटलंय असंही नाही. रात्री बाहेर ठेवायला तिने फार खळखळ केली नाही, थोडं आश्चर्य वाटलं. म्हणाली, "बरंय, मग मला बघावं लागणार नाही."

जुनी_सायकल | रात्री १०:०२

पोस्टमन गेला की सुटका. पोरीला कळलंय. माझाही फोन बाहेर गेला, आता संगणकही बंद करतो.

अंकगणित | रात्री १०:०९

हे कुठल्याच सर्वेक्षणात आलं नसतं. त्यांच्या तक्त्यात ती '१३ वर्षं, मुलगी, दीड तास' एवढीच.

टोकदार_पेन्सिल | रात्री १०:१५

त्या मैत्रिणीच्या आईला ओळखता का? बोलून बघा.

समईची_वात | रात्री १०:२१

मुलीला विचारल्याशिवाय नको!

कृष्णकमळ | रात्री १०:२४

विचारलं. "अजिबात नको" असं उत्तर आलंय. थांबते.

खिडकीजवळची | रात्री १०:३०

काकू, तिला सांगा केस मागे बांधू नकोस. आणि एक सांगू? माझ्या मैत्रिणीने आज जुन्या ग्रुपमध्ये गुड मॉर्निंग टाकलं नाही. ती आणि मी दोघींचाच एक ग्रुप केलाय. दोघींचा ग्रुप म्हणजे साधं चॅटच, पण तिला ग्रुपच हवा होता. नाव ठेवायचं राहिलंय.

रातकिडा | रात्री १०:३३

'बटाटे'.